लांबच्या रस्त्यानं चाळीस मिनिटं आधी

माझी मावशी पडदे शिवते. दुकानाच्या पाटीवर नाव दुसरंच काहीतरी आहे, पण ते कुणी वाचत नाही. सगळे तिला पडदेवाली मावशी म्हणतात. काम दोघांत वाटलेलं आहे. माप मावशी घेणार, कापड मावशी बेतणार, शिवणार मावशी. आणि शेवटी शिडीवर चढून पडदे टांगणार काका. कारण मावशीला उंचीची भीती आहे. साध्या स्टुलावर उभी राहिली तरी तिचे पाय लटपटतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे काकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आपली नोकरी सोडून शिडी घेतली, असं ते सांगतात. नोकरी तशीही सुटणारच होती, असं मावशी सांगते.

मावशीचा धंद्यातला एक नियम आहे. खिडकीचं माप घरमालकाच्या तोंडून घ्यायचं नाही. माणूस आपल्या खिडकीबद्दल कधीच खरं बोलत नाही. स्वतः जायचं, टेप लावायची, आणि जे येईल त्याच्यावर शिलाईचं आणि आखडण्याचं कापड धरायचं. हा नियम तिनं जन्मात एकदाच मोडला, आणि तो नेमका हेडबाईंच्या बाबतीत.

हेडबाई म्हणजे आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा बैठकीच्या खोलीचे पडदे सांगितले आणि माप सुंदर अक्षरात कागदावर लिहून पाठवलं. एवढ्या शिकलेल्या बाईचं माप काय तपासायचं, म्हणून मावशी गेली नाही. पडदे वीतभर आखूड झाले. हेडबाईंचं म्हणणं, मी लिहून दिलेलं अचूक होतं. मावशीचं म्हणणं, मग खिडकी वाढली असेल. हेडबाईंनी ते पडदे बदलले नाहीत. तसेच लटकत ठेवले आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मावशीच्या नावासकट दाखवू लागल्या.

आणि मग दोन-तीन वर्षांनी मावशीच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, घरी येऊन सांगितलं की त्याला लग्न करायचंय आणि मुलगी हेडबाईंची आहे. काका म्हणाले, "झालं! आता खिडकी कायमची घरात आली."

लग्न नीट पार पडलं. दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला ठसका लागावा. पुढे दादा-वहिनी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि गोडवा फोनवर चालू राहिला.

वहिनीचे दिवस भरत आले तेव्हा दोघींनीही जायची तारीख ठरवली होती, अर्थात वेगवेगळी. पण बाळाला आजीलोकांच्या नियोजनाशी काही देणंघेणं नव्हतं. ते दोन आठवडे आधीच आलं. मुलगी. दादाचा फोन आला तेव्हा मी मावशीच्या दुकानातच बसलो होतो. मावशीनं फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं "काय म्हणतोस!" केलं. सगळं ठीक होतं, दोघी सुखरूप होत्या, परवा घरी सोडणार होते. फक्त दादाचा आवाज रडवेला झाला होता.

"आई, ती एवढीशी आहे गं. आम्हाला काहीच येत नाही. तुम्ही दोघींपैकी कुणीतरी लवकर या. जी आधी पोचेल ती."

जी आधी पोचेल ती! दादा बिचारा सहज बोलून गेला. पण तेच वाक्य त्यानं पाच मिनिटांपूर्वी सासूबाईंनाही ऐकवलं होतं, आणि शर्यतीची शिट्टी वाजावी तसं ते दोन्ही घरांत वाजलं.

लगेच हेडबाईंचा फोन आला.

"अभिनंदन, विहीणबाई. आजी झालात."

"तुम्हीपण झालात की. कधी निघताय?"

"छे, मी काही लगेच निघत नाहीये. मुलांना जरा मोकळं राहू द्यावं. आपण जाऊन गर्दी कशाला करायची?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मावशी म्हणाली. "माझीही दुकानात कामं पडलीयत. पुढच्या आठवड्यात बघू सावकाश."

फोन ठेवला आणि ती माझ्यावर गरजली, "बघतोस काय? विमान काढ!"

आता मावशी जन्मात विमानात बसली नव्हती. काकांनी शिडी पुसता पुसता मान वर केली. "स्टुलावर चढत नाहीस, आणि विमानात चढणार?"

"विमानात चढायचं नसतं, बसायचं असतं," मावशी म्हणाली. "गप्प बसा."

मी मोबाइल काढला. दोन शहरांची नावं घातली की नकाशावर एक रेघ येते, खाली अंतर येतं आणि किती वेळ लागेल ते येतं. मी वाचून दाखवलं, "तेराशे किलोमीटर. अडीच तास."

मावशीनं चष्मा लावून रेघ पाहिली. "ही रेघ विमानाची की फूटपट्टीची?"

"फूटपट्टीचीच म्हण. विमान जरा वळसा घेतं."

"मग वळशाचं धर. आणि हे अडीच तास कुठून कुठपर्यंत? माझ्या दारापासून दादाच्या दारापर्यंत?"

"नाही गं. हवेतले फक्त."

"मला हवेत कुणाला भेटायचंय? दारापासून दारापर्यंतचं सांग."

मग आम्ही हिशोब मांडला. घरापासून विमानतळ दीड तास. तिथं दोन तास आधी हजर. तपासणी, रांगा. उतरल्यावर सामान येईपर्यंतचा वेळ, मग शहरातली गर्दी. त्यावर मावशीचं शिलाईचं आणि आखडण्याचं. अडीच तासांचे दहा झाले.

"मग अडीच कशाला लिहिलंय? शोभेला?" मावशी म्हणाली.

या सगळ्या चर्चेत थेट विमानात उरलेली शेवटची सीट गेली. माझ्या डोळ्यांदेखत ती हिरवी होती ती लाल झाली. कुणी घेतली ते आम्हाला नंतर कळलं. पलीकडच्या गल्लीत, आखूड पडद्यांच्या खोलीत बसून, मुलांना मोकळं राहू देणाऱ्या हेडबाईंनी.

मी दुसरं विमान शोधलं. ते पहाटे सुटायचं, भलत्याच दिशेला जाऊन मध्येच एका शहरात उतरायचं, तिथं विमान बदलायचं, आणि मग दादाच्या शहरात. नकाशावर रेघ दुमडलेल्या कोपरासारखी दिसत होती. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर.

"पण एक गंमत आहे, मावशी. थेट विमान साडेनऊला सुटून बाराला पोचतं. हे पहाटे सुटतं, म्हणून अकरा वीसला पोचतं. चाळीस मिनिटं आधी."

"लांबच्या रस्त्यानं आधी?"

"हो."

मावशीनं क्षणभर विचार केला. हेडबाई थेट जाणार की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, पण स्वभाव ठाऊक होता. "काढ," ती म्हणाली. "आणि कुणाला ताकास तूर लागू देऊ नकोस."

दोन दिवसांनी पहाटे मी तिला विमानतळावर सोडलं. यापुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण मावशीच्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलंय, आणि हेडबाईंच्या तोंडून वेगळ्या तऱ्हेनं इतक्या वेळा ऐकलंय, की मी दोघींच्या मध्ये बसलो होतो असं मला वाटायला लागलंय.

पहिली अडचण तपासणीत आली. मावशीच्या पर्समधून तिथल्या पोलीसबाईनं एक मोठी कात्री, एक छोटी कात्री, टाचण्यांची डबी, खडू, टेप आणि धाग्याची सहा रिळं काढून टेबलावर मांडली.

"हे काय आहे, आजी?"

"आजी म्हणालात, तोंडात साखर पडो. परवाच झाले. हे माझं काम. पडदे शिवते."

"कात्री नेता येणार नाही."

"बरं, राहू दे. पण तुमच्या त्या खिडकीचे पडदे कुणी शिवले हो? प्लेटा बघा कशा पडल्यात. सरकवताना अडकतात ना?"

पोलीसबाईनं मागं वळून पाहिलं. "अडकतात," ती म्हणाली. मग मागची रांग खोळंबवून दोघींनी पडद्यावर पाच मिनिटं चर्चा केली. कात्र्या मात्र गेल्याच.

पहिल्या विमानात मावशीला मधल्या वाटेकडची सीट मिळाली. रात्रभर तयारीत डोळा लागला नव्हता. पट्टा बांधला आणि तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा लोक उभे राहून सामान काढत होते. "कधी सुटणार?" तिनं शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पोचलो." मावशीला विमान हा प्रकार फारच आवडला.

मधल्या विमानतळावर ती ऐटीत उतरली. पुढचं विमान पावणेदहाला होतं. पावणेदहा झाले, विमान नाही. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, पुढच्या शहरात वादळ आहे, वाट बघा. साडेदहा झाले, अकरा झाले. पाटीवर तिच्या विमानापुढे नुसता "उशीर" असा शब्द आला. किती उशीर ते नाही. माप न सांगता नुसतं "कापड कमी पडेल" म्हणावं तसं ते तिला वाटलं. अकरा वीसला, म्हणजे ज्या मिनिटाला तिनं नातीला उचलायचं ठरवलं होतं, त्या मिनिटाला ती चकचकीत फरशीवरच्या लोखंडी खुर्चीत बसून एका अनोळखी माणसाच्या जांभया मोजत होती. बारा वाजले तेव्हा तिनं मनातल्या मनात हार मानली. थेट विमान पोचलं असणार.

अडीचच्या सुमाराला समोरच्या दारातून दमलेल्या, पांढऱ्या पडलेल्या माणसांचा एक लोंढा आत आला. त्यात, स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात, केस विस्कटलेले, अशा हेडबाई.

मावशी खुर्चीत खाली सरकली. हेडबाई इथं कशा हा विचार नंतर आला. आधी विचार आला की आपण पकडलो गेलो. शेजारी कुणीतरी टाकून गेलेलं वर्तमानपत्र होतं. तिनं ते झटकन उघडलं आणि त्याच्यामागे तोंड लपवलं. पावलं जवळ आली. थांबली. पुढे जाईनात.

"अहो बाई," वरून आवाज आला, "पेपर उलटा धरलाय तुम्ही."

चूक दिसली आणि हेडबाई गप्प बसल्या असं कधी झालेलं नाही. मावशीनं पेपर हळूच खाली केला.

"तुम्ही?" हेडबाई म्हणाल्या.

"तुम्ही?" मावशी म्हणाली.

"तुम्ही तर पुढच्या आठवड्यात निघणार होतात. दुकानात कामं होती ना?"

"आणि तुम्ही मुलांना मोकळं राहू देणार होतात."

"तेच सांगायला चालले होते त्यांना," हेडबाई म्हणाल्या. "प्रत्यक्ष जाऊन."

एरवी हे बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं असतं. पण तेवढ्यात हेडबाईंनी पर्स फरशीवर टाकली. त्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसल्या आणि मावशीच्या लक्षात आलं की बाईंनी वाद सोडून दिलाय. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

हेडबाईंचं विमान वेळेवर सुटलं, वेळेवर त्या शहरावर पोचलंही. खाली घरं दिसत होती. त्यातल्या एका घरात नात होती. आणि मग वैमानिक म्हणाला, वादळामुळे थोडं थांबावं लागेल.

"हवेत थांबायला काय तो बसथांबा आहे?" हेडबाई म्हणाल्या. "आणि थांबला कुठे! गोल गोल फिरत होता. विमान असं हलत होतं, विहीणबाई, की मी शेजारच्या मुलाचा हात धरला. ओळख ना पाळख. मनाला आधार म्हणून मोठ्यानं पाढे म्हणायला लागले. एकोणतिसाचा."

"बरं केलंत."

"चुकले!" हेडबाईंचे डोळे भरून आले. "एकोणतीस साते दोनशे तेरा म्हणाले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, दोनशे तीन! सगळ्या विमानात ऐकू गेलं. मी मुलींना पस्तीस वर्षं..." त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं.

उतरताच येत नाही म्हटल्यावर वैमानिकानं विमान वळवून या मधल्या विमानतळावर आणलं होतं. आणि आता त्यांचा निश्चय झाला होता. "मी यापुढे विमानात पाय ठेवणार नाही. इथून रस्त्यानं जाईन."

मावशी काउंटरवर जाऊन विचारून आली. "रस्त्यानं एक दिवस आणि एक रात्र लागते म्हणाली ती. वाटेत घाट आहेत."

"चालेल."

"बरं, आधी खाऊन घ्या."

मावशीनं पिशवी उघडली. दहा तासांच्या प्रवासाला तिनं आखडण्याचं धरून दोन दिवसांचं अन्न घेतलं होतं. लोणी लावलेला पाव, उकडलेले बटाटे, काकड्या, केळी, मीठ-मिरपुडीची पुडी. हेडबाईंच्या पर्समध्ये दोन लिमलेटच्या गोळ्या होत्या, कारण अडीच तासांचा तर प्रवास. त्यांनी आधी नको नको केलं आणि मग चार बटाटे खाल्ले. तोंडात घास असतानाच म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे." हेडबाईंकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

पोटात गेल्यावर दोघींची जीभ सैल झाली. पडद्यांचा विषय निघालाच. हेडबाई म्हणाल्या, माप मी घेतलंच नव्हतं, आमच्या यजमानांनी घेतलं आणि मी फक्त चांगल्या अक्षरात लिहिलं. पण ते होते तोवर त्यांचं नाव घेतलं नाही, आणि ते गेल्यावर घेणं बरं दिसत नव्हतं. मावशी म्हणाली, मीही यायला हवं होतं, पण तुमच्या घरी यायची मला भीती वाटायची. तुम्ही शुद्धलेखन काढाल म्हणून.

"बोलण्यात शुद्धलेखन नसतं," हेडबाई म्हणाल्या.

"बघा, काढलंतच!"

साडेतीनच्या सुमाराला कर्ण्यावर गडबड सुरू झाली. वादळ ओसरलं होतं. मावशीचं विमान आता सुटणार होतं. हेडबाईंच्या विमानातल्या कर्मचाऱ्यांची कामाची वेळ संपली होती, त्यामुळे ते संध्याकाळपर्यंत तिथंच राहणार होतं. पण मावशीच्या विमानातली बरीच माणसं कंटाळून निघून गेली होती, आणि त्या रिकाम्या जागांवर अडकलेल्यांपैकी वयस्कर माणसांना बसवणार होते. काउंटरवरची मुलगी स्वतः येऊन हेडबाईंना नवा पास देऊन गेली. हेडबाईंनी तो मांडीवर ठेवला आणि हात बाजूला घेतले, जणू तो चावेल.

"चला," मावशी म्हणाली.

"मी येत नाही."

"अहो, वादळ गेलं."

"गेलेलं वादळ परत येऊ शकतं."

मावशीनं समजावलं, चुचकारलं. विमानात झोप कशी छान लागते ते सांगितलं. पोलीसबाईचे पडदेसुद्धा सांगून झाले. हेडबाई ढिम्म हलल्या नाहीत. रांग पुढे सरकत होती. शेवटची चार-पाच माणसं उरली. मावशीनं पिशवी खांद्याला लावली आणि सुस्कारा टाकला.

"ठीक आहे. तुम्ही या रस्त्यानं, उद्या-परवा. मी पुढे होते. काळजी करू नका, बाळाला पहिल्यांदा मी घेते, आंघोळही मीच घालीन. नाक कुणावर गेलंय तेही ठरवून टाकते. आमच्यावरच असणार."

हेडबाई उभ्या राहिल्या. पास उचलला. स्वेटरचं बटण नीट केलं. "नाक," त्या दाराकडे चालत म्हणाल्या, "आमच्या घराण्यातलं आहे."

शेजारी शेजारी सीट मिळाल्या, पण या वेळी मावशी खिडकीत. विमान धावलं, उठलं आणि मावशीनं सहज बाहेर पाहिलं. रस्ते दोऱ्याएवढे झाले होते. सकाळी ती झोपली होती. विमान उंचावरून जातं ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आता पोचली. तिनं धडपडत खिडकीची झडप खाली ओढली.

"अगं बाई, पडदा आहे!" ती म्हणाली. आणि त्या अवस्थेतही तिनं बोटानं कडा तपासून पाहिल्या. "आणि बसलाय मापात."

मग दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. हेडबाईंनी बारीक आवाजात एकोणतिसाचा पाढा सुरू केला.

"चुकले तर सांगा," त्या म्हणाल्या.

"मला बारापर्यंतच येतात. तुम्ही म्हणा, मी हो म्हणते."

विमान उतरेपर्यंत हेडबाई म्हणत होत्या आणि मावशी हो म्हणत होती.

पण जमिनीला पाय लागले आणि शर्यत पुन्हा जिवंत झाली. मावशीची बॅग पट्ट्यावरून पहिल्या पाचात आली. हेडबाईंची बॅग दुसऱ्या विमानाच्या पोटात, मधल्या शहरात राहिली होती. त्यांना तक्रार नोंदवायला रांगेत उभं राहावं लागलं. मावशी बाहेर आली, टॅक्सीत बसली, आणि दार उघडं ठेवून वीस मिनिटं तशीच बसून राहिली.

का थांबलीस, असं विचारलं की ती म्हणते, "माणुसकी म्हणून. हात धरून आणलेली बाई, तिला टाकून कशी जाऊ?" हेडबाई म्हणतात, "इमारतीचा पत्ता फक्त मला पाठ होता. यांना फोन उघडता येत नाही." खरं काय ते त्या टॅक्सीवाल्याला माहीत. तो मात्र वीस मिनिटांत खिडक्यांच्या मापांबद्दल बरंच काही शिकला असणार.

दादाच्या इमारतीला लिफ्ट होती, पण दोघींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि जिन्यानं निघाल्या. त्या दिवशी आणखी कुठल्या यंत्रातून वर जायची दोघींचीही तयारी नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत कोण पुढे यावरून थोडी ढकलाढकली झाली. दारावर पोचल्या तेव्हा दोघींना बोलायला दम नव्हता. घंटीवर दोन बोटं एकदम पडली.

दार उघडलं ते एका भल्यामोठ्या, दाढीवाल्या माणसानं. अंगात नगरपालिकेचा नारिंगी शर्ट. त्याच्या रुंद छातीवर, एका पंजात मावेल एवढं बाळ पालथं झोपलं होतं.

"श्श!" तो दोघींवर डोळे वटारून म्हणाला.

तो समोरच्या घरातला शेजारी होता. कचऱ्याची गाडी चालवायचा. सकाळी दवाखान्यातून आणल्यापासून बाळ रडत होतं. दादा-वहिनीनं सगळे उपाय केले, शेवटी हा आवाज ऐकून आला आणि बाळ त्याच्या छातीवर गाढ झोपलं. त्याला स्वतःची तीन होती. आता दादा सोफ्यावर आणि वहिनी आत, दोघंही मेल्यासारखी झोपली होती, आणि हा गृहस्थ चार तास उभ्यानं येरझाऱ्या घालत होता.

"आम्ही आज्या," मावशी कुजबुजली.

"हात धुवा," तो म्हणाला.

दोघींनी हात धुतले. दोन खुर्च्यांवर बसल्या, ओले हात मांडीवर ठेवून. शाळेत उशिरा आलेल्या मुलींसारख्या. तो येरझाऱ्या घालत राहिला. तो जवळ आला की दोघींच्या माना बाळाकडे वळायच्या, लांब गेला की परत सरळ व्हायच्या. अर्धा तास गेला. बाळ पालथं असल्यानं नाक दिसत नव्हतं.

अखेर बाळानं अंग ताणलं, तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. दोघी एकदम उठल्या. शेजाऱ्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याच्या लक्षात सगळं आलं असावं. त्यानं बाळ अलगद टेबलावरच्या दुपट्यात ठेवलं आणि म्हणाला, "दोघी मिळून घ्या. एकीनं मान धरा, दुसरीनं बाकीचं." आणि घरी जेवायला निघून गेला.

मान मावशीनं धरली. बाकीचं हेडबाईंनी. बाळाचं नाक कुणासारखंच नव्हतं. दोघींच्या चेहऱ्यांमध्ये तोंड उघडून ते रडत राहिलं, आणि आवाजानं उठून दादा दारात आला तेव्हा त्याला दोघीही रडताना दिसल्या. तो म्हणाला, "आधी कोण आलं?" दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या दोन महिने राहिल्या. हेडबाईंची बॅग तिसऱ्या दिवशी आली; तोवर त्या मावशीचे कपडे वापरत होत्या, आणि ते त्यांना वीतभर आखूड होत होते. तीन दिवस त्या त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. मावशी म्हणते, माझ्यासाठी त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

आता हेडबाई रोज दुपारी दुकानात येऊन बसतात. मशीन चालू असतं, त्या वर्तमानपत्र वाचून दाखवतात, काका शिडीला तेल घालतात. मधूनच एखादं नवखं गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, तुमचा मुलगा असतो ते शहर किती लांब हो? विमानानं किती वेळ लागतो?"

मावशी पाय मशीनवरून काढते. "बसा," म्हणते. परवा एक बाई न्हाणीघराच्या एका छोट्या पडद्यासाठी आल्या होत्या, त्यांनी हा प्रश्न विचारला. मावशीनं कात्र्यांपासून सुरुवात केली. वादळापर्यंत आली तेव्हा बाईंचा चहाचा दुसरा कप झाला होता. मावशी म्हणाली, "आणि ह्या बिचाऱ्या अर्धा तास हवेत गोल गोल फिरत होत्या."

"पाऊण," हेडबाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या. "अर्धा नव्हे. आणि बिचाऱ्या म्हणू नका."

गिऱ्हाईकबाईंनी घड्याळ पाहिलं, पर्स मांडीवर घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. "मग?" त्या म्हणाल्या.